नळीतलं तेल

बाबा,

नारळी पौर्णिमेला चार दिवस आहेत. सकाळचे सव्वासात वाजलेत. बोट अजून माडांखाली वर ओढलेलीच आहे आणि मी मागे इंजिनाला टेकून हे लिहितोय. बोटांचं काळं कागदाला लागू नये म्हणून आधी दोनदा साबणाने हात धुतले. तुम्ही असता तर हसला असता. तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला काही लिहावंसं वाटलं नाही, कारण तुमच्याशी माझं भांडण नव्हतं. कालपासून आहे.

चाक जड झालं होतं. तुमच्यानंतर बोट चालवायला ठेवलेला तांडेल मोसमाच्या शेवटी खांदा चोळत माझ्यावर ओरडला, "ह्यां चाक आसा काय जातां? पीठ पाडूक बसवलास माका?" पुढच्या मोसमाला तो येणार नाही, गोव्याला जातोय. म्हणून तुमच्या वेळेपासून आपलं इंजिन बघणाऱ्या मिस्त्रीकाकांना मी घेऊन आलो. त्यांना आता वाकता येत नाही. ते स्टुलावर बसले आणि मी त्यांचे हात झालो. "आधी केबलीची दांडी सोड. आता इंजिन हातान फिरव." इंजिन दारासारखं सहज वळलं. "म्हणजे इंजिन बरा आसा. दुखणा नळीत." चाकापासून येणाऱ्या केबलच्या टोकाची सळई इंजिनाच्या ज्या नळीतून आतबाहेर सरकते आणि इंजिन वळवते, ती नळी. सळई हलेना. डिझेल सोडून रात्रभर ठेवली आणि काल सकाळी लाकडाचा ठोकळा धरून हातोडीने ठोकत ठोकत बाहेर काढली. तिच्यावर तपकिरी, काचेसारखा कडक थर चढला होता. काकांनी तो नखाने खरवडला आणि नाकाला लावला.

"मोरीचा तेल? नळीत?"

मी सांगितलं की बाबा घालायचे, म्हणून मीही घालतो. दर पावसाळ्यात बोट वर घेतली की तुम्ही फळ्यांना मोरी माशाच्या काळजाचं तेल लावायचात, आजोबांच्या होडीपासूनची रीत, आणि डब्यात उरलेलं त्या नळीत ओतायचात. सहा वर्षं मी एकदाही चुकलो नाही. वास घरभर राहायचा, आई नाकाला पदर लावायची, मला मात्र तो आवडायचा.

"अरे, ह्यां तेल लाकडाक! लोखंडाच्या नळीत त्याची लाख होता. तुझ्या बापाशीक मी सांगितलेलंय. तुमी जेटीक आपटलात ना, त्याच्या आदल्या म्हयन्यात. तो म्हणालो, सीझन संपल्यार बघूया."

मी विचारलं, "आणि आपटल्यावर?"

"आपटल्यार तिसऱ्या दिसाक बोलावल्यान माका. नळी साफ केली, केबल नवी घातली. तो म्हणालो, माझ्या झिलाक सांगू नको." मग माझ्याकडे बघून त्यांचा आवाज उतरला. "तुका म्हायत नाय होता? माका वाटला, मरताना तरी सांगितला असतला."

बाबा, तो दिवस मला रोज दिसतो. दिवाळीची सुट्टी, बोट पर्यटकांनी भरलेली. बारावी अर्धी सोडून मी चाकावर आलोय, तुमच्याच सांगण्यावरून, त्याला दोन महिने झालेत. तुम्ही पुढे दोर घेऊन उभे आहात. जेटी जवळ येते, मी चाक डावीकडे घेतो, ते निम्म्यात अडतं. मी दोन्ही हातांनी लोंबकळतो आणि ते हलत नाही. मग आवाज. काठ धरून बसलेल्या एका बाईंचं मनगट जेटी आणि बोट यांच्या मध्ये सापडलं. त्या ओरडल्या तो आवाज मी लिहू शकत नाही. तुम्ही मागे वळलात, आधी चाकाकडे बघितलंत आणि मग माझ्याकडे. हा क्रम माझ्या लक्षात होता, त्याचा अर्थ काल कळला. आणि जमलेल्या सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात, "पोराच्या हातात जोर नाय. चूक माझी, तेका चाक दिलंय."

दुसऱ्या दिवशी चौकशीला बंदर खात्याचे साहेब आले. तुम्ही त्यांच्याशी शुद्ध मराठीत बोललात, "मुलगा नवीन आहे, साहेब. पुन्हा चाकाला हात लावणार नाही." जबाब मी माझ्या हाताने लिहिला, एकही वेलांटी न चुकता, आणि तुम्ही तो साहेबांपुढे सरकवत म्हणालात, "अक्षर बघा." चाकात दोष निघता तर बोट अख्खा मोसम वाळूवर बसली असती. माझ्यात दोष निघाला, तर फक्त मी उतरायचं होतं. एवढं मला समजतं. कदाचित घरात बसून सांगितलं असतंत, तर मी स्वतःच हो म्हटलं असतं. तुम्ही विचारलंच नाहीत.

आठवड्याने तुम्ही मला तिकिटांसाठी चामड्याची बॅग आणून दिलीत, चांगली, दोन कप्प्यांची. मला वाटलं, माफ केलंत. तेव्हापासून मी तिकिटं फाडतो, लोकांना जॅकेटं बांधतो, आणि जेटीवर पाऊल ठेवलं की कोणी ना कोणी हाक मारतोच, "जेटीफोडो इलो रे, खांब सांभाळा!" मीही हसतो.

हेसुद्धा सोडलं असतं. विहिरीचं सोडवत नाही. पंप असताना मी रोज पहाटे रहाटाशिवाय, नुसत्या हाताने पाणी ओढायचो, माडांना पुरेल एवढं, मनगटात जोर यावा म्हणून. तुम्ही ओट्यावर चहा पीत बघायचात. बशीत ओतलेला चहा थंड व्हायचा, तरी बघत राहायचात. एकदा म्हणालात, "पुरे रे आता." मला वाटलं, कीव आली. आणि त्यानंतरच्या पावसाळ्यांत म्हणायचात, "तू फळ्यांक लाव, नळी मी बघतंय." मला वाटलं, एवढंही माझ्यावर सोपवत नाहीत. तुम्ही गुपचूप ग्रीस भरत होतात. तेल घालू नको एवढं सांगायचं, तर का ते सांगावं लागलं असतं. म्हणून तुम्ही गेल्यावर, तुमची आठवण म्हणून, मी पुन्हा तेच तेल ओतायला लागलो, आणि भरल्या बोटीवर चाक पुन्हा अडेल अशी तयारी करत राहिलो.

काल नळी आतून चिंधीने पुसली, ग्रीस भरलं, सळई घातली, दांडी जोडली. काका म्हणाले, "फिरव." चाक दोन बोटांनी फिरलं. मी ते या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहिलो, काका दुसरीकडे बघत बसले. मग म्हणाले, "ह्या वर्साक तांडेल शोधू नको. तू धर. आणि जेटीर मी सांगू काय सगळ्यांक, तेव्हा काय झालेला तां?" मी नको म्हणेन असं त्यांना वाटलं असावं. मी म्हणालो, "सांगा." ते मान हलवून गेले. आज संध्याकाळपर्यंत सगळ्या जेटीला कळलेलं असेल. मला त्याचं वाईट वाटत नाही.

जेटीवरचं बोलणं घरापर्यंत येईल तेव्हा येईल, पण हे पत्र घरी नेणार नाही. आईच्या हाती लागेल.

रात्री तिने ताट वाढताना विचारलं, "बाबा घालीत तसा तेल घातलंस मा रे नळीत?" मी मान वर न करता हो म्हणालो. एका शब्दात झालं, बाबा. तिने समाधानाने आणखी भात वाढला आणि मी तो सगळा खाल्ला.