चौकातली हजामत

पॅरिस, ३ मार्च १९७१

ती. ज्यर्मेनआत्यास ओदिलचा सा. न. वि. वि.

माहितीपट जवळजवळ झाला. महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या चार वर्षांत आपल्या ऑर्मवालमध्ये कोणी कोणी त्यांची मर्जी राखली, ते गावकऱ्यांच्याच तोंडून आलंय. नगराध्यक्षांना काहीच आठवत नाही. त्यांच्या बायकोला मात्र सगळं आठवतं! तू पोट धरून हसशील.

आता घरचं. जर्मन पळाले त्या दिवसाचा एक फोटो मिळालाय. चौकात खुर्ची मांडून फेर्नांद धोबिणीचं डोकं भादरताहेत. भादरणारा पाठमोरा आहे, पण डगला आपल्या हजामतीच्या दुकानाचा, पाठीवर नाव शिवलेलं. म्हणजे आजोबाच. तिने जर्मनांचे सदरे धुतले म्हणून ही शिक्षा, आणि ती देणाऱ्याने चार वर्षं त्यांच्याच दाढ्या केलेल्या! मी आजोबांचं नाव घेणार आहे. दुकान तू चालवतेस, म्हणून आधी कळवते. बाबांची हरकत नाही.

राग आला तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी ओदिल

ऑर्मवाल, ९ मार्च

चि. ओदिल हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या बापाची कशाला हरकत असेल? तो तेव्हा जर्मनीत युद्धकैदी होता, इथलं त्याला काय ठाऊक! आणि माझ्या बाबांनी दाढ्या केल्या नसत्या, तर जर्मन काय दाढ्या वाढल्या म्हणून घरी गेले असते? मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही, बाई. नाव घेऊ नकोस.

नीट जेवत जा. फेर्नांद काय काय बोलली, ते कळव. माया आहे म्हणूनच रागावते.

तुझी आत्या

पॅरिस, १५ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

फेर्नांद कॅमेऱ्यापुढे दोन तास बोलली, रडली नाही. भादरणाऱ्याचं नाव मात्र सांगेना. म्हणाली, ज्यर्मेनला विचार, ती सांगेल तेव्हा सांगेल. बापाचं नाव मुलीनेच घ्यावं, असं तिला वाटत असावं. शुक्रवारी फिल्मची शेवटची जुळणी आहे. तुझं काही आलं नाही, तर मी आजोबांचं नाव घालते.

भांडलीस तरी माझीच आहेस.

ओदिल

ऑर्मवाल, १७ मार्च

चि. ओदिल हिस आशीर्वाद.

एवढी शिकलीस, पण डगल्यावरून माणूस ओळखलास! त्या दिवशी दंडाला मुक्तिसैनिकांच्या फिती बांधलेली पोरं न्हावी मागायला आली. बाबा कोळशाच्या तळघरात लपले होते. ते सापडले असते, तर खुर्चीत त्यांनाच बसवलं असतं. मी वीस वर्षांची, काम शिकलेली. त्यांचा डगला चढवला, टोपी घातली आणि गेले.

बापासाठी गेले, हे खरं. पण चौक ओरडत होता आणि मलाही जोर चढला, हेही खरं. फेर्नांदने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, तरी मी थांबले नाही. याची मला लाज वाटते.

काल तिच्या घरी जाऊन सांगितलं, की आता मी बोलणार. तिने बसायला सांगितलं नाही. उभ्यानेच ऐकून घेतलं आणि म्हणाली, सिनेमात बघेन. बरोबरच आहे तिचं.

शुक्रवारची जुळणी पुढे ढकल. सोमवारी दुकान बंद असतं, कॅमेरा घेऊन ये. बाबांनी दाढ्या केल्या, तेही सांगेन. पण फोटोखाली माझं नाव घाल, पूर्ण, आडनावासकट.

हे वाचूनही लोभ उरला असेल, तर तेवढा राहू दे.

तुझी आत्या
ज्यर्मेन