मागच्या बाकाचा आवाज

४ नोव्हेंबर, मंगळवार

चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणताहेत — ओळ संपली की शेवटचं अक्षर असं लांबवतात की त्याला शेपूटच फुटावं! एकतीस वर्षांपूर्वी ही शिकवायची तो चौथीचा वर्ग. मी स्वतः टेप केलेला. पोस्टातून सुटलो की वर्गाच्या खिडकीबाहेर सायकल धरून उभा राहायचो. निम्म्या कविता मला त्या खिडकीतूनच पाठ झाल्या!

काल दुसऱ्या कडव्यात फट्ट झालं. जळका वास. स्पीकर चालवणारा रिसीव्हर गेला.

आज मेकॅनिकने झाकण उघडलं आणि मान हलवली. "आजोबा, बोर्ड जळलाय. याचे पार्ट आता मिळत नाहीत."

त्याला काय सांगू? हिला माझं नाव आठवत नाही, पण पाच वाजले की शाळेत जायचं असतं. कडी ओढते, रडते. म्हणून तर तीन स्पीकर हिच्या खुर्चीसमोर आणि दोन मागे लावले. टेपवरचा आवाज रिसीव्हर पाचही जणांना वाटून द्यायचा. पोरं चहूबाजूंनी! ही मधे बसून ताल धरायची. दिवेलागणीपर्यंत शांत.

आज दोन तास कडी ओढत होती.

लेकीचा फोन. "बाबा, आईला आवरताना एक दिवस तुम्हीच पडाल. रविवारी येते. तिला देखभाल केंद्रात ठेवू. फॉर्म पाठवलाय, सही करून ठेवा."

म्हटलं, नवा रिसीव्हर आणतो, मग बघ.

"रिसीव्हर!" म्हणाली. फोन ठेवला.

रविवारपर्यंत. चार दिवस हातात.

५ नोव्हेंबर, बुधवार

जावयाचा फोन. एरवी चार शब्द बोलत नाही. "बाबा, साउंडबार घ्या. एक पट्टी, एक वायर, काम खलास." याला कवितेतलं ओ की ठो कळत नाही! पट्टी समोर ठेवली तर मागे कोण बसणार? लेकीची री ओढतोय, दुसरं काय.

दिवसभर कागदावर खरडलं. पाच स्पीकर चालवणारा हवा. मागे टेपडेकच्या लाल-पांढऱ्या पिना लागतील अशी भोकं हवीत. सगळ्यांतून एकच आवाज सोडणारं बटण हवं. आणि तीस हजारांच्या आत. फार मागतोय का मी?

फॉर्म आला. उशीखाली ठेवला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

घरी एकटं ठेवता येत नाही म्हणून हिलाही दुकानात नेलं. टेपडेक पिशवीत. सेल्समनने आधी सिनेमाच लावला. "काका, हेलिकॉप्टर कसं डोक्यावरून जातं बघा!"

"मला हेलिकॉप्टर नको. मागचा बाक हवाय."

तो बघतच राहिला. ही म्हणाली, "आधी गळ्याचं बटण लाव." लावलं बिचाऱ्याने!

पहिला रिसीव्हर सात स्पीकरांचा, किंमत ऐकूनच उठलो. दुसरा स्वस्त, पण लाल-पांढरी भोकं नाहीत. "टेप आता कोण लावतं, काका?" तिसऱ्यात सगळं होतं. अठ्ठावीस हजार. डेक जोडला. पाचही बाजूंनी पोरं! हिने मान वर केली. "आज हजेरी पूर्ण आहे," म्हणाली. मी शोकेसकडे तोंड करून डोळे पुसले.

उद्या घरी येतोय. लेकीला कळवलं. "बघू," म्हणाली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आजचं लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

मशीन बारा वाजता आलं. वायरी मी लावल्या. पुस्तकात लिहिलं होतं — सोबतचा माइक ऐकणाऱ्याच्या जागी ठेवा, मशीन एकेका स्पीकरला आवाज करायला लावेल आणि कोण कुठे आहे ते स्वतः ओळखेल. खोलीत शांतता राखा. माइक हिच्या खुर्चीत ठेवला आणि पुस्तकाचं पुढचं पान शोधायला वळलो. तेवढ्यात माइक हिच्या हातात! पहिली शिट्टी वाजली तशी दरडावली, "कोण शिट्टी वाजवतंय?" मग एकदम मंचावरचा आवाज — "मान्यवर पाहुणे, शिक्षक आणि पालकहो..." पूर्ण स्वागताचं भाषण केलं. मी मूर्ख! ऐकत उभा राहिलो. किती वर्षांनी तो आवाज! थांबवायला जीभच रेटेना.

मशीनने निकाल दिला: मागे स्पीकर नाहीत.

बटणं दाबून दाबून बोट दुखलं. ते ऐकेना. पाच वाजले. नाइलाजाने तसाच टेप लावला. समोरून कविता, मागे सामसूम. ही थबकली. वळून बघितलं. "मागची पोरं कुठे गेली?"

मी पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. मान वर केली तर खुर्ची रिकामी. दार उघडं. कडी आज मीच लावली नव्हती, मशीनचा खोका बाहेर ठेवताना.

बस थांब्यापाशी सापडली. अनवाणी, गुडघा फुटलेला. बसमधून उतरणाऱ्या एकेकाचा दंड धरत होती. "चल वर्गात. चल रे."

शेजारणीने लेकीला कळवलं. लेक रडली. "बाबा, आता पुरे."

खरंच पुरे. मी हात टेकले.

८ नोव्हेंबर, शनिवार

सही केली. अक्षर माझं वाटत नाही.

शनिवार, दुपार

बेल वाजली. वाटलं, लेक एक दिवस आधीच आली.

दारात जावई. एकटाच. हातात कपड्यांची बॅग.

"रिसीव्हर बघायला आलात? पुस्तक टेबलावर आहे."

"ते पाच मिनिटांचं काम आहे. आधी सांगा, बाबा — सही केलीत?"

"केली."

त्याने बॅग खाली ठेवली. मग म्हणाला, "माझ्या आईच्या वेळी मीही केली होती, लग्नाआधी. दीड महिना टिकली ती तिथे. तुमच्या लेकीला अजून हे सांगता आलेलं नाही मला."

चप्पल काढून आत आला. हात पुढे केला.

"मी राहतोय इथे. द्या तो कागद इकडे, फाडून टाकतो."