फीत कापेपर्यंत कुलूप

३ जानेवारी
संकल्प : मंचर नशामुक्त करणार. समितीचा अध्यक्ष मीच, सुवालाल. गावानेच चालवायच्या व्यसनमुक्ती केंद्राला सरकारी मदत मिळाली. सोफा, खुर्च्या आल्या. खोली माझ्या आडतीमागची. सध्या तिथे टेम्पोवाला भागू व्यसन सोडणाऱ्या पोरांना गोल बसवून बोलतं करतो. काम चांगलं, पण फोटोत गबाळं दिसतं.

१० जानेवारी
उद्घाटन आमदारसाहेबांच्या हस्ते. तोवर खोलीला कुलूप, दाराला लाल फीत. भागू म्हणाला, शेठ, पोरांना बसायला जागा न्हाई, परत तिकडंच जात्याल. म्हटलं, जरा कळ काढा राव. चेतना म्हणते, आपला बंटीपण रोज तिथेच बसायचा. बसणारच! अध्यक्षांचा मुलगा. देखरेख करत असेल.

२ फेब्रुवारी
साहेबांची तारीख नाही. बंटीला खोकला. औषधाच्या बाटलीमागून बाटली संपवतो. इतकं मनापासून औषध घेणारा मुलगा नशिबानेच मिळतो.

१७ फेब्रुवारी
चेतनाच्या बांगड्या गेल्या. साळुबाईला कामावरून काढलं. चेतना रडत म्हणाली, आधी पोराकडे बघा. बघितलं. वजन चांगलंच उतरलंय. मी वर्षानुवर्षं डाएट करतो म्हणतोय, पोराने करून दाखवलं.
ज्या घरात कांदा चिरत नाहीत, तिथे नशा कुठून शिरणार? (कांदा विकतो, ती गोष्ट वेगळी.)

५ मार्च, रात्री
उद्या घोडेगावच्या तालुका कचेरीतून मॅडम पाहणीला. केंद्रातली पोरं भेटवा म्हणाल्या. भागूची पोरं पांगली. एक स्टँडवर सापडला, पण त्याला स्वतःचं नाव सांगता येईना. आयडिया : बंटीलाच व्यसनी म्हणून उभा करतो. घरचा माणूस, ऐनवेळी दगा देणार नाही.

६ मार्च
बंटीने कमाल केली! हात थरथर, नाक गळतंय, घाम. मग ढसाढसा रडला. मला परत बसायला जागा द्या म्हणाला. मीही डोळे टिपले. पोराला वेळीच नाटकात घालायला हवं होतं.
मॅडम म्हणाल्या, केंद्र आजच उघडा, याला उशीर नको. म्हटलं, फीत कापल्याशिवाय कसं उघडणार? मग हळूच सांगितलं, अहो मॅडम, माझाच मुलगा, अ‍ॅक्टिंग आहे. त्या हसल्या नाहीत. सरकारी माणसांना विनोद कळत नाही.

९ मार्च
सकाळी केंद्राचं कुलूप फोडलेलं. हवालदाराला घेऊनच गेलो. मागे निम्मा बाजार. फीत पायरीवर पडलेली. आत बंटी. सगळ्या खुर्च्या गोल मांडून एकटाच बसलेला, रिकाम्या खुर्च्यांशी बोलत होता. मला बघून म्हणाला, पप्पा, बसा ना.
भागू दारातून म्हणाला, शेठ, लई सुधारला व्हता. तुमी कुलूप लावलं.
मी एक पाऊल पुढे टाकलं. तेवढ्यात हवालदाराने सगळ्यांदेखत विचारलं, शेठ, ओळखता का याला?
नाही म्हणालो.
हवालदार बदली होऊन आलेला, नवीन आहे. बाजार नवीन नाही. सगळ्यांनी माना खाली घातल्या. बंटीनेही. त्याला घेऊन गेले. संध्याकाळी गर्दी पांगली की सोडवून आणतो.

दुपारी
साहेबांची तारीख आली. उद्याच! नवी फीत लागणार. सवयीने हाक मारली, बंटी, जरा बाजारात जाऊन ये रे.
चेतनाने आतून कडी लावून घेतली.