धाकटीची मऊ बिस्किटं

आळंद, सोमवार, मार्गशीर्ष वद्य पंचमी

आज दिवसभर उपाशी राहिले. कुणी सांगितलं होतं? कुणीच न्हाई.

धाकट्या भावजींनी सिकंदराबादहून ओटांचा, म्हणजे विलायती धान्याचा डबा आणलाय. तिकडं छावणीत घोड्यांना घालतात म्हणे. जावेनं सकाळी त्यात कणीक, तूप, गूळ कालवून बिस्किटं केली. पातेल्यात वाळू तापवून वर ताटली ठेवली, झाकणावर निखारे. घरभर वास.

मामंजींना दात न्हाईत. दिवाळीत माझी नानकटाई त्यांनी चहात बुडवून कशीबशी खाल्ली आणि उरलेली परत दिली. आज हिची बिस्किटं नुसतीच खाल्ली, वर आणखी मागितली. "किती मऊ केलीस गं पोरी." पोरी! मी ह्या घरात हिच्या किती आधी आले. मला कधी म्हणाले पोरी?

जाऊ ताटली घेऊन माझ्याकडं आली. "अक्का, एक खाऊन बघा की." तोंडाला पाणी सुटलं होतं, तरी बोलून गेले, "मला सोमवार हाय." कामून बोलले देव जाणे.

मामंजींनी ऐकलं. "सोळा सोमवार धरलेस व्हय? लई चांगलं केलंस, पोरी."

म्हणाले एकदाचे. आता न्हाई कसं म्हणू?

संध्याकाळी उपास सोडायला जावेनं माझ्यासाठी झाकून ठेवलेली बिस्किटं वाढली. खाल्ली. मऊच हाएत मेली, जिभेवर विरघळतात. समोर बसून ती हसत म्हणाली, "आता दर सोमवारी तुमच्यासाठी करीन, अक्का."

म्हणजे अजून पंधरा सोमवार दिवसभर उपाशी, आणि संध्याकाळी तिच्याच हातचं.