कासविणीला ओ कोण देणार

रविवार, अकरा तारीख,
दुपारचा चहा झाल्यावर

चि. टिटवी हिला आजीचे पोटभर आशीर्वाद.

इकडे मी ठणठणीत. गुडघे कुरकुरतात, पण ते तुझ्या आजोबांसारखेच, कुरकुरतात आणि नेईन तिथे येतात. तुझा फोन लागत नाही. म्हणजे लागतो, वाजतो, पण तू कामात असशील. संपात कसलं आलंय काम, असं शेजारच्या शिंपीणबाई म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, दिवसभर फाटकापुढे पाटी धरून उभं राहून बघा, मग सांगा. म्हणून पत्र. माझं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, एखादी वाट चुकली तर समजून घे.

आनंदाची बातमी अशी की तुमचं कार्टून टीव्हीवर पुन्हा पहिल्यापासून लागलंय. तुम्ही लिहिणारे संपावर गेलात तेव्हा मला वाटलं, दुसऱ्या दिवशी पडदा काळा. पण कासवीण आपली पुढे कितीतरी दिवस रोज नवं काहीतरी बोलतच होती. शिंपीणबाई हसायला लागल्या. मग मीच त्यांना समजावलं, की आधी लिहायचं, मग आवाज भरायचे, मग त्या आवाजावर माणसं महिनोन्महिने चित्रं काढत बसतात. आज दिसतं ते केव्हाच लिहून झालेलं. झरा आटला म्हणून हंडा लगेच रिकामा होत नाही. आता हंडाही संपला, म्हणून हे जुने भाग. लिहिणाऱ्यांना न विचारता जुनंच फिरवून फिरवून वापरतात, हेच तर तुमचं भांडण, मला ठाऊक आहे. तरी मी रोज टीव्हीपुढे पाय पसरून बसते, काय करू.

पहिल्याच भागात कासवीण हाक मारते, "अहो, ऐकलंत का?" आणि कवचातून कासव म्हणतो, "आहे, आहे. गेलो नाही अजून." जिन्यातली सगळी पोरं हल्ली एकमेकांना असंच म्हणतात. त्यांना काय माहीत, हे आधी आमच्या मागच्या खोलीत बोललं गेलंय. आजोबा डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं उघडून बसायचे, मी स्वयंपाकघरातून हाक मारली की मान वर न करता हेच उत्तर. तू त्यांच्या टेबलाखाली पाय पोटाशी घेऊन. मी म्हणायची, पोरगी ऐकतेय, जरा गप्प बसा. ते म्हणायचे, मी बोललो कधी?

मग तू मोठी झालीस, लिहायला लागलीस, आणि मलाच नेऊन बसवलंस त्या काचेच्या खोलीत, कासविणीचा आवाज म्हणून. मला भराभर वाचता येत नाही. तू काचेपलीकडून एकेक वाक्य म्हणायचीस, मी तुझ्यामागून. कासवाचा नट वेगळ्या दिवशी येतो, म्हणून त्याची वाक्यंही तूच म्हणायचीस, आजोबांच्या त्या खर्जातल्या आवाजात. ते गेल्यानंतरसुद्धा. मी "अहो" म्हणायची, तू ओ द्यायचीस. त्या दिवशी घरी येताना माझे गुडघे दुखायचे नाहीत. तुला सांगितलं नव्हतं हे.

शिंपीणबाईंनी नवे पडदे लावलेत, पिवळे धमक. माझ्या खिडकीतून सूर्य दोनदा उगवतो.

आणि बुधवारी मी जरा बाहेर गेले होते.

आता सांगतेच. तुमच्या दाढीवाल्या दिग्दर्शकाचा फोन आला होता. गोड बोलला. संप लिहिणाऱ्यांचा आहे, बोलणाऱ्यांचा नाही, तुम्ही नुसत्या या, घरी बोलता तसं बोला, आम्ही त्यावर चित्रं काढू, म्हणाला. नवा भाग झाला नाही तर वरचे लोक कार्टूनच बंद करणार. मी म्हटलं, मी कुठे काय लिहितेय? उलट टिटवीची कासवीण जगेल. ठेवणीतले कपडे घालून निघाले. त्याने पाठवलेली गाडी मागच्या फाटकाने का नेली, तेही विचारलं नाही. तिथे तुझ्या मैत्रिणी पाट्या धरून उभ्या होत्या. मी त्यांना हात हलवला गं. त्यांनी नाही हलवला. वाटलं, उन्हात दिसलं नसेल.

तुला त्यांनी सांगितलं असणारच. म्हणूनच तू फोन उचलत नाहीस.

पण पुढचं त्यांना ठाऊक नाही, ते माझ्याकडून ऐक. कानाला ती डबडी लावली, लाल दिवा लागला. दाढीवाला म्हणाला, बोला आजी, काहीही बोला. हे कोणाला सांगतोय, तर जिला गप्प करायला आजोबा गजर लावून ठेवायचे तिला. मी म्हटलं, "अहो, ऐकलंत का?"

आणि सवयीने थांबले. पलीकडून कोणी ओ दिली नाही.

तो काचेतून हातवारे करत होता, चालू द्या, चालू द्या. मला पुढे सुचेचना. बोलणं माझं असेल, पण कुठे थांबायचं, कोणी काय उत्तर द्यायचं, ते सगळं तुझं. एवढी वर्षं मी समजत होते, कासवीण म्हणजे मीच. डबडी काढून ठेवली.

"हिला ओ देणारी बाहेर उन्हात उभी आहे," मी म्हटलं. "तिला आत बोलवा, मग मी बोलते."

"आजी, तोवर कासवीण बंद पडेल."

"पडू दे. कासवाची जात आहे, तिला कसली घाई."

पुढच्या फाटकाने बाहेर पडले. तुमची पाळी बदलत होती, माणूस नव्हतं, नुसत्या खुर्च्या. एकीवर बसून घटकाभर तुझी वाट पाहिली, मग बस धरली.

उद्यापासून मी तिथेच येऊन बसणार आहे, चहाचा थर्मास घेऊन. शिंपीणबाईंनी पडद्याच्या उरलेल्या कापडाची पाटी शिवून दिलीय. तिच्यावर काय लिहायचं ते तुला विचारणार होते, पण तुमचा तर लिहिण्याचाच संप. कोरीच आणते.

रागावली असलीस तर रागाव. फक्त मला बघून तोंड फिरवू नकोस, लांबूनच एक हाक मार. आजोबांची ओ आता मलाही येते.

आहे, आहे. गेले नाही अजून.

तुझी
आजी