मागं न जाणारी गाडी

८ सप्टें., सोम.

आज परत तेच. चारठाण्याच्या अंगणवाडीसमोर गाडी लावली, तपासणी झाली, चहा झाला, निघाले. आरमध्ये, म्हणजे रिव्हर्सला, टाकली तर इंजिन नुसतं बोंबलायलंय, गाडी जागची हलेना. समोर भिंत. शेवटी न्यूट्रलला, एनमध्ये टाकली आणि सेविका अन् मदतनीस, दोघींनी पदर खोचून मागं ढकलली. मी आत बसलेली. अख्खी गल्ली दारात. एक म्हातारी म्हणाली, "सरकारी हाय का गं गाडी?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुपरवायझरबाई कशाला आल्या होत्या, तर गाडी ढकलून घ्यायला.

१० सप्टें., बुध.

जिंतुरातल्या गॅरेजवाल्याला दाखवली. त्यानं आत डोकं घातलं, बराच वेळ पायापाशी चाचपडला आणि म्हणाला, "मॅडम, क्लच कुठाय?"

अरे बाबा, क्लच दाबता आला असता तर ही गाडी घेतली असती का? डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. नुसता लोंबतो. म्हणून तर ऑटोमॅटिक. इतकी वर्षं जीपमध्ये कोंबून, कुणाच्या तरी मांडीला मांडी लावून, नाहीतर ह्यांच्या मोटरसायकलवर मागं बसून गावं केली. ह्यांना वेळ असला तर माझी नोकरी, नसला तर रजा. गाडी आली तेव्हा पहिल्यांदा एकटी बोरीला गेले. कुणाला न विचारता. परत येताना रस्त्यात थांबून पेरू खाल्ला, कुणी 'चल आता' म्हणणारं नव्हतं.

गॅरेजवाला म्हणाला, प्लग बदलू. बदलले. फरक शून्य.

१४ सप्टें., रवि.

स्वतःच बसले आज. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून डोळे गेले, पण आता थोडं कळायलंय.

गार असताना: पुढं जायला डी टाकलं की थोडं थांबून धक्का देऊन पकडते. आर कधी पकडते, कधी न्हाई.
गरम झाल्यावर: आर तर मेलंच. पुढं जाताना चढाला इंजिन ओरडतंय, वेग वाढेना. आतल्या आत घसरायलंय.

गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी काढून ह्यांच्या पांढऱ्या रुमालाला पुसली. लालसर पाहिजे म्हणतात. हे काळं. आणि वास असा, की फोडणी जळून कढई तशीच गॅसवर राहिली. रुमाल वाया गेला, जाऊ दे.

पाथरीला दादाला फोन केला. भाऊ माझा, गाडी त्याचीच. गुढीपाडव्याला दिली, माझ्या पगारातून पुरेपूर घेऊन, वर हार घालून. "बहिणीसाठी दिली, दुसऱ्याला दिली नसती" असं चारचौघांत बोलून. आज काय म्हणतो? "संगे, जुनी गाडी हाय. जरा दमानं घ्यायची. तुला अजून चालवताच येईना."

मला येईना म्हणे.

१९ सप्टें., शुक्र.

परभणी. ऑटोमॅटिकचं काम करणारा तिथं एकच आहे म्हणतात, आणि ते त्याला स्वतःलाही माहीत आहे. मी प्रश्न विचारायचा, ह्यानं उत्तर ह्यांना द्यायचं. "भाऊसाहेब, असंय बघा." गाडी कोण चालवतं, तेल कोणी बघितलं, पण बोलणार भाऊसाहेबांशी. नवरा माझा गाय. मान हलवत बसला.

तरी त्यानं नीट बघितली. वर उचलून, गरम करून, यंत्र लावून. म्हणाला आतल्या प्लेटा जळाल्यात, उतरवल्याशिवाय इलाज नाही. मग विचारलं, "कधी ओढून आणली होती का? दोरी लावून, चाकं जमिनीवर?"

मी म्हटलं, का?

तर (ह्यांच्याकडे बघून) इंजिन बंद असलं की आतला पंप फिरत नाही. चाकं फिरतात, तेल फिरत नाही. कोरडं कोरड्यावर घासतं. साध्या गाडीला चालतं, हिला नाही. आपल्याकडं लोक सगळ्याच गाड्यांना ट्रॅक्टर लावतात.

मी म्हटलं, माझ्याकडं आल्यापासून कधीच नाही. येताना झिरो फाट्याला चहाला थांबलो, तर ह्यांचा चहा तसाच निवला. पित्त झालं म्हणाले.

२५ सप्टें., गुरु.

एक गोष्ट आठवली आणि डोकं सटकलं. पाडव्याला दादानं गाडी दारात उभी केली होती ती तोंड रस्त्याकडं करून. नारळ फोडला, मी बसले, सरळ निघाले. त्याआधी चालवून बघायला दिली तेव्हा पण शेताकडच्या मोठ्या रस्त्याला नेलं, गोल फिरवून आणलं. एकदा सुद्धा मागं घ्यायला लावली नाही.

माहीत होतं त्याला. माझा जीव सांगायलाय.

आता कुठंही गेले की आधी बघते, पुढून निघता येईल का. दोन गावं ह्या महिन्यात टाळली, तिथली गल्ली पुढं बंद आहे. परवा ऑफिसात साहेब म्हणाले, "मॅडम, भेटी कमी दिसतात." काय सांगू.

२ ऑक्टो., दसरा

पाथरी. सोनं द्यायला गेलो दोघं. दादानं माझ्या हातात आपट्याची पानं ठेवली आणि "सोन्यासारखी राहा" म्हणाला. मी पण "सोन्यासारखा राहा" म्हटलं. दात खाऊन.

वहिनी स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होती. मी सहज म्हटलं, गाडी रिव्हर्स घेईना. तिनं झारा खाली ठेवला.

"ताई, तुमाला सांगितलं न्हाई व्हय कुणी?"

मग सगळं बाहेर. जानेवारीत हुरड्याला शेतात गेले होते सगळे. (मी नव्हते. माझं ट्रेनिंग होतं औरंगाबादला.) आदल्या रात्री अवकाळी पडलेला. काळ्या रानात गाडी टपापर्यंत नाही तरी दारापर्यंत रुतली, इंजिनात पाणी, सुरू होईना. मग नेहमीप्रमाणं ट्रॅक्टर. शेतातून पार पाथरीपर्यंत ओढली. दादा ट्रॅक्टरवर. "अन् गाडीत स्टिअरिंगला दाजी. लय हसलो बाई त्या दिवशी. दाजी काच खाली करून हुरडा खायलेत अन् गाडी ट्रॅक्टरमागं चाललीय."

दाजी. म्हणजे माझे हे.

पुढं वहिनी हळू आवाजात म्हणाली, मानवतच्या गॅरेजवाल्यानं शिवरात्रीच्या सुमारालाच सांगितलं होतं, हिचा रिव्हर्स जायला लागलाय, पुढचं पण जाणार. ती म्हणाली होती, मग ताईला नका देऊ. तर आमचे बंधुराज काय म्हणाले? "तिला कुठं मागं घ्यायची असती? सरळ जायचं, सरळ यायचं. लंगड्याला तेवढं बस हाय."

पुरी जळाली. मी खाल्ली तीच.

३ ऑक्टो.

दिगंबररावांना (आजपासून 'हे' बंद) विचारलं. आधी नाही म्हणाले. मग म्हणाले, "मला काय माहीत ओढल्यानं बिघडती म्हणून." ते मानलं. जिल्ह्यात कुणाला माहीत नाही. पण परभणीत त्यानं तोंडावर विचारलं तेव्हा?

"बहीण-भावात मी कशाला पडू? आपलेच दात, आपलेच ओठ."

मी म्हटलं, मग आता दात पडणार. दोन आठवडे मी भिंती बघत, गल्ल्या बघत फिरायले आणि हा माणूस शेजारी बसून पित्त पित्त करत होता. दादानं फसवलं त्याचा राग आहे. ह्यानं गप बसून बघितलं, त्याचा जास्त आहे. आज त्यांचं ताट वाढलं नाही. स्वतः घेऊन जेवले, भांडंही घासलं. तरी राग गेला नाही.

१२ ऑक्टो., रवि.

दादाशी फोनवर एकदा नीट बोलून बघितलं. गिअरबॉक्स दुरुस्त करून दे, एवढंच म्हटलं. "घेताना बघून घेतलीस ना? व्यवहार झाला." आणि वर, "भाऊबीजेला ये, साडी घेतलीय तुला."

येते ना. येणारच.

एक गोष्ट शिकले व्हिडिओ बघून. ही गाडी पार्किंगच्या पीमध्ये टाकून चावी काढली की पुढची चाकं आतून अडकतात. ढकलून जात नाही. गिअरचा दांडा चावीशिवाय हलत नाही. दादाच्या कंपाउंडला फाटक एकच. आत त्याची नवी पांढरी जीप उभी असते. तिच्यासाठीच तर ही मला विकली.

दिवाळीचं फराळ करताना इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. चकल्या एकदम खुसखुशीत.

२३ ऑक्टो., भाऊबीज

चढाला रडत रडत गाडी पाथरीला पोचली. एकटी गेले. दिगंबररावांना म्हटलं, तुम्ही इथंच राहा, बहीण-भावात कशाला पडता.

फाटकात आडवी लावली. पी. हँडब्रेक. चावी ब्लाउजमध्ये.

ओवाळलं. रीतसर. पाट, रांगोळी, कुंकू, अक्षता, सुपारी. भाऊ आहे, आयुष्य मागितलं त्याचं, ते खरंच मागितलं. मग त्यानं ताटात साडी ठेवली. मी ती उचलून पाटावर ठेवली. म्हटलं, दादा, ओवाळणीत मला माझी गाडी मागं जायला पाहिजे.

मामा, मावशी, शेजारचे, सगळे माझ्याकडं बघायले. दादा हसला. "येडी हाय का. जेव आधी."

"जेवते की. गाडी तुझ्या दारात लावलीय. दुरुस्त झाली की नेते. आणि ती हलवायची असली तर लंगड्या माणसाला विचारून हलव."

वहिनीकडं बघितलं त्यानं. वहिनी पुरणपोळीवर तूप वाढत होती, मान वर केली नाही तिनं. मी दोन पोळ्या खाल्ल्या. मग स्टँडपर्यंत चालत गेले, एसटीनं सेलू, तिथून जीप. तेच परत, मांडीला मांडी. पाय सुजलाय. लय रडले घरी येऊन, कुणासमोर नाही, बाथरूममध्ये. पण केलं ते केलं.

२४ ऑक्टो.

दादाला आज मित्रांबरोबर कोकणात जायचं होतं, जीप घेऊन. जीप आत. वहिनीचा फोन: "भिंत पाडू म्हणायलेत. आत्याबाई वरडायल्यात. ताई, राहू द्या अजून चार दिवस. लय दिवसांनी माणूस घरी हाय."

आत्याबाई म्हणजे माझी आईच. तिचाही फोन आला. भावाला दारात कोंडतात का म्हणाली. मी म्हटलं, आई, बहिणीला भिंतीसमोर कोंडलं तेव्हा कुठं होतीस? फोन ठेवला तिनं. ते बोलायला नको होतं का? होतं.

२६ ऑक्टो., रवि.

सकाळी दादाचा फोन. आवाज मऊ. "नांदेडहून माणूस बोलावलाय. गिअरबॉक्स उतरवायचा म्हणतो. चावी पाठव दाजींसंगं."

वहिनीला लावला, उचलत नाही. मेकॅनिक खरा का गाडी बाजूला काढायची युक्ती, कळायला मार्ग नाही. चावी दिली आणि माणूस खोटा निघाला तर गाडी रस्त्याकडेला धूळ खाईल, आणि दादा कोकणात. नाही दिली आणि माणूस खरा असला तर माघारी जाईल, परत येणार नाही. तेही माझ्याच माथी पडेल.

दुपारभर चावी उशाखाली ठेवून पडले. पाय अजून उतरला नाही.

उद्या सकाळच्या एसटीनं जाते. चावी माझ्या हातानं लावणार. माणूस खरा असला तर त्याच्यासमोर बोनेट उघडते. नसला तर गाडीत बसून राहीन, काचा वर करून, पी मध्ये. बघू कोण आधी दमतं.

दिगंबरराव दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "पाय सुजलाय, मी येतो सोबत."

न्हाई म्हटलं. एकटीला जाता यावं म्हणूनच तर गाडी घेतली होती.