नावाडिणीचं पान

दि. ४ जून

चि. ठकीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

आधी सगळ्यांची हजेरी घेतो. मेहुण्यांचा गुडघा काय म्हणतो? जिना चढताना अजून कुरकुरतो, की मलम लावल्यावर गप्प बसलाय? सूनबाईंचा खोकला थांबला का? नातवाचा हलता दात पडला, की अजून जिभेनं ढकलणं चालू आहे? मांजरीला पिल्लं झाली असतील तर एकही आमच्याकडे पाठवू नकोस, तुझी वहिनी मला आणि पिल्लाला एकदमच बाहेर काढील. तुझ्या डोळ्यांचं मुद्दाम शेवटी विचारतोय. पहिल्यांदा विचारलं असतं तर तू पुढचं पत्र वाचूनच घेतलं नसतंस.

आता मुद्द्याचं. मेहुण्यांनी तुझ्या नकळत मला चार ओळी कळवल्या आहेत. त्यांच्यावर रागावू नकोस, ते बिचारे घाबरले आहेत. तू म्हणे वाचनालयात जाऊन आपलं कार्ड टेबलावर ठेवलंस आणि दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडू दे असं सांगून घरी आलीस. तेव्हापासून खिडकीशी बसून असतेस, आणि कुणी काही बोललं तर हं एवढंच म्हणतेस. ठके, डॉक्टरांनी मधली नजर गेली म्हणून सांगितलं, जीभ गेली असं नाही ना सांगितलं? तू लहानपणी पुढ्यातलं ताट सोडायचीस पण हातातलं पुस्तक सोडत नव्हतीस. तुझं हे नुसतं हं हं ऐकून मेहुण्यांचा गुडघा बरा कसा होणार?

मी लगेच आमच्या वाचनालयात गेलो. बसमध्ये कंडक्टर होतो तेव्हा वाचनालयाच्या थांब्याचं नाव दिवसभर ओरडायचो, पण निवृत्त होईपर्यंत आत पाय ठेवला नव्हता. आता तुझी वहिनी म्हणते की अंथरूण तिकडेच नेऊन टाका. पुस्तकं सोड, तिथून लोक शिडी नेतात, भिंतीला भोकं पाडायचं यंत्र नेतात, शिलाई मशीन नेतात आणि सांगितल्या वारी परत आणून देतात. एका कोपऱ्यात नोकरी शोधणाऱ्यांना अर्ज भरायला मदत करतात. दुसऱ्या कोपऱ्यात परक्या मुलखातून आलेल्या बाया आपली भाषा शिकतात. त्यातली एक मला रोज भेटल्यावर शुभ रात्री म्हणते, सकाळी दहा वाजता. मीही तिला शुभ रात्री म्हणतो. उगाच कशाला तिचा हिरमोड करा.

तर तिथल्या ग्रंथपाल बाईंनी सांगितलं की बोलकी पुस्तकं असतात. एवढंसं यंत्र, ठसठशीत बटणं, दाबलं की माणूस वाचायला लागतो. तुमचं वाचनालय आणि आमचं एकाच साखळीतलं, त्यामुळे इथलं पुस्तक तिथे मिळतं, आणि ज्यांना जमत नाही त्यांच्या घरी आणून देतात. तू फक्त हो म्हण. नाही म्हणायचं असलं तरी उत्तर पाठव.

तुझी आठवण काढणारा,
दादा

दि. १३ जून

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी सांगते आहे आणि हे लिहून घेत आहेत. अक्षर वाईट दिसलं तर तो दोष माझा नाही. (अक्षर चांगलं आहे. – लेखनिक)

गुडघा कुरकुरतो पण चोरून पत्रं टाकायला पेटीपर्यंत बरोबर जातो. सूनबाईंचा खोकला गेला. दात पडला, आणि नातवाने तो कुठे ठेवला ते कुणालाच सापडत नाही, त्यामुळे सगळे चपला घालण्याआधी झटकतात. पिल्लं तीन झाली. एक तुला ठेवलं आहे.

तुझ्या बोलक्या पुस्तकाचं म्हणशील तर ते मी ऐकून पाहिलं. तुझ्या पत्राच्या दुसऱ्याच दिवशी घरपोचवाल्या बाई दारात उभ्या, म्हणजे तू आधीच त्यांच्या कानाशी लागला होतास. वाचणारा गृहस्थ औषधाच्या बाटलीवरचा कागद वाचावा तसा वाचत होता. नायिका रडली तरी तेच, घर जळलं तरी तेच. मी सगळी नोकरी टेलिफोनच्या बोर्डावर काढली. माणसाने हॅलो म्हटलं की तो जेवला आहे की उपाशी ते मला कळायचं. हा गृहस्थ कुणाच्याच बाजूचा नव्हता. ह्यांना वाचायला सांगावं तर दुसऱ्या पानावर घोरतात. (तिसऱ्या. – लेखनिक)

आणि मला हवं ते पुस्तक त्यांच्याकडे नाहीच. नावाडिणीची जाड कादंबरी, नदीच्या दोन्ही काठांवर जिची भांडणं असतात ती. मी ती इतक्यांदा वाचली आहे की पानांनाच माझी सवय झाली असेल. त्या बाई म्हणाल्या की जुनं पुस्तक आहे, अजून कुणी वाचून दिलेलं नाही. झालं तर मग. दादा, माझं वाचन झालं. पोटभर झालं. तू आता माझ्यामागे लागू नकोस, आणि ह्यांनाही लावू नकोस.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो वाढवायला पुस्तक कशाला हवं.

तुझी,
ठकी

दि. ९ जुलै

चि. ठकीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

पिल्लू ठेवून घे. बाकी बातमी अशी की तुझा दादा वाचनालयाचा वाचक झाला आहे. घेऊन वाचणारा नव्हे, वाचून देणारा.

तुझं पत्र आलं तसा मी ग्रंथपाल बाईंपुढे जाऊन उभा राहिलो आणि नावाडिणीचं पुस्तक मी वाचतो म्हणालो. त्यांनी विचारलं की आधी कधी वाचलंय का. मी म्हणालो, आयुष्यभर मोठ्याने बोलायचा पगार घेतलाय. त्या हसल्या आणि मला कपाटाएवढ्या खोलीत नेलं. भिंतींना गाद्या लावलेल्या, आपला श्वास आपल्यालाच ऐकू येतो. तुझ्या वहिनीचं मत असं की मला कोंडून घालून बोलू देणारी जागा अखेर सरकारला सापडली.

पहिल्या दिवशी घाम फुटला. घाबरून मी पुस्तक उलटं धरलं. काचेपलीकडचा रेकॉर्डिंगवाला खुणा करून पुस्तक सरळ करायला सांगत होता आणि मी तसाच धडाधड वाचत सुटलो. त्याला वाटलं मी पाठ करून आलोय. मग त्याला सांगितलं, की घरात पाठ्यपुस्तक एकच होतं, ते बहिणीचं; ती शाळेचा अभ्यास करायची आणि मी दिवसभर हमाली करून येऊन तिच्या समोर बसायचो. अक्षरं मला भेटली तीच डोक्यावर उभी असलेली. सरळही वाचता येतं, पण जीव घाबरा झाला की उलटंच बरं वाटतं. तू कधी पुस्तक माझ्याकडे फिरवलं नाहीस हे मात्र मी त्याला सांगितलं नाही. घरची अब्रू आहे.

दुसरी फजिती अशी की प्रकरण संपलं की माझ्या तोंडून आपोआप निघतं, उतरणारे पुढे या. रेकॉर्डिंगवाला म्हणाला की काढून टाकतो. सगळी निघाली असतील असं समजू. शिवाय नावाडिणीची सासू मी आपल्या आत्याच्या आवाजात वाचली आहे. आत्या आता नाही, तेव्हा हरकत कोण घेणार?

जुनं पुस्तक, काही पानं फार विरलेली. ती मी जपून ओलांडली. नियमाप्रमाणे दुसऱ्या कुणी तरी पुस्तकाशी ताडून ऐकायचं असतं, पण ऐकणारी माणसं मिळत नाहीत, म्हणून माझ्या भरवशावर पुढे पाठवलं. तुमच्या वाचनालयात या आठवड्यात पोचेल. तू मला दुसऱ्या प्रकरणापर्यंत सहन कर. मग हवं तर परत कर, मी एक शब्द बोलणार नाही. पण तेवढं ऐक, एवढं माझ्यासाठी कर.

मेहुण्यांना नमस्कार, छोट्याला पापा.

वाट पाहणारा,
दादा

दि. २० जुलै

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि.

मी यंत्र कपाटात ठेवलं होतं. परवा हे शेंगा सोलत बसले होते, त्यांनी आपल्यापुरतं म्हणून लावलं. मी आतल्या खोलीत. तर आत्या बोलायला लागली. मी दाराची चौकट धरून उभी राहिले. मग बाहेर येऊन शेंगांच्या ढिगातच बसले आणि ह्यांना म्हणाले की पहिल्यापासून लावा. जेवायला कुणी उठलं नाही. सूनबाई हातात पोळी घेऊन ऐकत होत्या. उतरणारे पुढे या दोनदा राहिलं आहे, आणि दोन्ही वेळा नातू खरोखर उठून उभा राहिला. (तिसऱ्यांदाही आहे, शेवटच्या प्रकरणात. – लेखनिक)

दादा, तू कुणाच्या ना कुणाच्या बाजूचा असतोस. नदीला पूर आला तेव्हा तू घाबरलास, हे मला ऐकू आलं. इतकं बरं किती दिवसांत वाटलं नव्हतं.

आता माझा राग ऐक. पुराचं प्रकरण संपतं तेव्हा नावाडीण नावेत दिवा लावते. पुढच्या वाक्याला ती काठीने काठ चाचपते आहे. मध्ये एक अख्खं पान आहे. तिची नजर जाते ते पान. विरलेलं होतं म्हणू नकोस. मी मागे जाऊन चारदा ऐकलं. दिव्याच्या वाक्यानंतर तू आवंढा गिळलास, आणि मग कागदाचा आवाज आला. एकच पान उलटल्याचा नव्हे, दोन.

माझे डोळे गेलेत दादा, त्या पुस्तकाचं पान गेलेलं नाही. सगळे मला गाळून गाळून देतात. सूनबाई बातम्या सांगताना दवाखान्याची बातमी गाळतात, हे डॉक्टरांकडची तारीख विचारली तरी बिचकतात. वाटलं होतं, तू तरी पूर्ण देशील. ते पान चांगले डोळे होते तेव्हा मी कितीदा तरी वाचलं आहे. आता त्याची मला गरज आहे, आणि तू तेच नेमकं काढून घेतलंस. माझ्या भल्यासाठी. ह्या भल्यासाठीचा मला वीट आलाय.

मी आमच्या वाचनालयात फोन करून पुस्तक अपुरं आहे असं सांगितलं आहे. तुझं नाव घेतलं. घ्यावंच लागलं.

ठकी

(गेल्या कित्येक महिन्यांत ती एवढं बोलली नव्हती. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. लवकर लिहा. – लेखनिक)

दि. २७ जुलै

चि. ठकीस,

अनेक आशीर्वाद.

मेहुण्यांनी तुझं पत्र लिहिताना शेवटी पेन इतकं दाबलंय की कागदाला भोक पडलंय. तेवढं मला पुरे.

तू म्हणतेस ते सगळं खरं. ते पान समोर आलं आणि मला तू दिसलीस, खिडकीशी बसलेली. माझी जीभ पुढे सरेना. वाटलं, एक पान तर आहे. रेकॉर्डिंगवाल्याला कळलं नाही, कळलं ते सोळा कोसांवर बसलेल्या तुला.

ग्रंथपाल बाईंनी बोलावून घेतलं. मला वाटलं आता कार्ड जाणार. त्यांनी चहा दिला आणि एवढंच म्हणाल्या, “आजोबा, वाचणाऱ्यानं अडखळावं, पण निवडू नये.” माझी मान खाली. त्यांनी असंही सांगितलं की पुस्तक सगळ्या शाखांमधून मागे घेतलं आहे, ते पान भरून आल्याशिवाय कुणालाच मिळणार नाही.

मी काल ते पान वाचलं. पुस्तक सरळ धरून, अक्षर न गाळता. कसं झालंय ते मला विचारू नकोस. तूच सांग.

तुझा,
दादा

दि. २२ ऑगस्ट

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि.

अक्षर डोंगरावरून उतरल्यासारखं दिसत असेल, पण ते माझं स्वतःचं आहे. वाचनालयाने खाचा कापलेला एक पुठ्ठा दिला आहे. खाचेत पेन ठेवायचं आणि ओढत न्यायचं. लेखनिकांना नोकरीवरून काढलं आहे. ते मागून डोकावतात, पण मधे बोलायची सोय राहिली नाही म्हणून हळहळतात.

आता झालं ते सांगते. माझ्या फोननंतर आमच्या ग्रंथपालांनी मला बोलावलं. मी म्हटलं, तक्रार करणाऱ्या म्हातारीला समज देणार. हे मला सोडायला आले आणि वर्तमानपत्रांच्या टेबलाशी जाऊन बसले ते बसलेच. ग्रंथपाल तरुण आहे, बोलताना सारखा पेनाचं टोपण उघडझाक करतो, मला तेवढ्यावरून तो ओळखू येतो. त्याने विचारलं की पान गाळल्याचं तुम्हाला कळलं कसं. मी आवंढ्याचं सांगितलं. त्याने टोपण खटकन लावलं. मग म्हणाला की आमच्याकडे वाचून देणारे पुष्कळ, पण ऐकून चूक धरणारं कुणी टिकत नाही, तासाभरात डुलक्या येतात. तुम्ही याल का?

तर मी जाते. सोमवारी आणि गुरुवारी. कानाला यंत्र लावून बसते. एका बाजूला शिडी परत करणारे, दुसऱ्या बाजूला अर्ज भरणारे, मधे मी. पुस्तक पाहून ताडायचं काम दुसऱ्या एक बाई करतात, मी नुसतं ऐकते आणि जिथे वाचणाऱ्याचा जीव पुस्तकात नसतो तिथे हात वर करते. औषधाच्या बाटलीवाल्या गृहस्थांना मी भेटले. फार गोड माणूस आहे. घर जळण्याचं प्रकरण त्यांना पुन्हा वाचायला लावलं. आता चांगलं जळतं.

माझ्याकडे आलेलं पहिलं काम तुझं पान होतं. खोलीचं दार लावून घेतलं. दादा, तू तीनदा अडखळलास. दिवा लावल्यावर वात पेटली की नाही ते तिला कळत नाही, तिथे तू इतका थांबलास की मला वाटलं यंत्र बंद पडलं. मग वाचलंस, ती हात पुढे करते आणि ऊब लागते, आणि ती वल्हं उचलते. मी इतक्या वर्षांत ते वाक्य नेहमी घाईने वाचलं होतं, पुढे काय होतं ते बघायला. तू थांबलास म्हणून मला ती ऊब लागली. मी रडले का, तर हो. मग पोट दुखेपर्यंत हसले, कारण पान संपल्यावर तुझ्या तोंडून हळूच पुढे या निघालंच. ते काढू नका म्हणून मी लिहून दिलं आहे. बाईंनी विचारलं की पुस्तकात नसलेलं ठेवायचं कसं. मी म्हटलं, गाळलेलं मला चालत नाही, जास्तीचं चालतं.

पुस्तक मंजूर झालं. मी ग्रंथपालाला म्हणाले की आता ते मला घरी न्यायचं आहे, कार्ड परत करा. त्याने कार्ड खणातून काढून दिलं. कुणालाच दिलं नव्हतं त्याने. पण पुस्तक द्यायला तयार होईना. म्हणाला, मागणी फार आहे. तिकडच्या शाखेतला कुणी रात्रपाळीचा पहारेकरी आहे, एक पाय मोडून पडलेली शिंपीण आहे, दोन म्हाताऱ्या मैत्रिणी आहेत ज्यांना एकत्र ऐकायचं आहे. सगळ्यांची नावं आधी लागली आहेत. मी सांगून पाहिलं की वाचणारा माझा सख्खा भाऊ आहे, मंजूर मी केलंय, आणि पुस्तक मला पाठ आहे. तो म्हणाला की नियम सगळ्यांना सारखा, तुमचं नाव शेवटी लिहितो.

मला इतका राग आला, आणि घरी येईपर्यंत मी ह्यांच्या हाताला धरून जवळजवळ उड्या मारत आले. मला एक पुस्तक हवं आहे, दादा, आणि ते मिळायला वेळ लागणार आहे. रोज फोन करून विचारते की माझा नंबर आला का.

तोवर तू पुढचं काय वाचतो आहेस ते कळव. वहिनीला नमस्कार, बोलून बोलून तिचे कान किटवू नकोस. आणि उत्तर आजच्या आज टाक, मी दारात उभी आहे.

तुझी,
ठकी